पणजोबांची पलटण सापडते, मग आजोबांची खेचर कंपनी का सापडत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबांच्या पहिल्या महायुद्धातल्या पदकाच्या कडेवर नावाबरोबर '११० महराठा' असं कोरलेलं आहे. आजोबा दुसऱ्या महायुद्धात 'सप्लायमध्ये खेचरांवर' होते आणि इटलीला जाऊन आले, एवढंच घरात सांगतात. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत ११० नंबरची पलटण नाही, आणि खेचरांच्या कंपनीचा तर कुठे मागमूसच लागत नाही. मग हा इतिहास शोधायचा कुठे, आणि हाती लागलाच तर वाचायचा कसा?

उत्तर लांबणार आहे. आधी माझा कल सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला त्याची वजावट करता येईल. मी २४ वर्षं आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे सैन्याला शिधा आणि वाहतूक पुरवणाऱ्या शाखेत काढली, जुने लोक जिला नुसतं 'सप्लाय' म्हणतात तीच. शेवटच्या काही वर्षांत युनिटचा इतिहास जुळवायचं काम गळ्यात पडलं आणि निवृत्तीनंतर त्याचं व्यसनच झालं. त्यामुळे पिठाच्या पोत्याकडे माझं लक्ष तलवारीच्या आधी जातं.

पणजोबांचं काम सोपं आहे, कारण पायदळाच्या पलटणी नावं बदलतात, पण वंशावळ सोडत नाहीत. बॉम्बे आर्मीच्या पलटणींचे आकडे तीन वेळा मोठ्या प्रमाणावर बदलले आणि तिन्ही वेळा त्यामागे साधा हिशेब होता. १८२४ पर्यंत एका रेजिमेंटच्या दोन पलटणी असत. त्या वर्षी प्रत्येक पलटणीला स्वतंत्र आकडा मिळाला. पहिल्या रेजिमेंटची पहिली पलटण झाली १, तिचीच दुसरी झाली २, दुसऱ्या रेजिमेंटची पहिली झाली ३, आणि पुढे तसंच. म्हणजे पाचव्या रेजिमेंटची दुसरी पलटण झाली १०. १९०३ मध्ये सरसेनापती किचनरने सगळ्या हिंदी सैन्याला एकच क्रमांकमाला लावली. त्यात बॉम्बेच्या पलटणींच्या आकड्यात १०० मिळवले आणि मद्रासच्या आकड्यात ६०. त्यामुळे १० ची झाली ११०. मग १९२२ मध्ये पलटणी पुन्हा रेजिमेंटमध्ये बांधल्या गेल्या. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या अनुक्रमे पाचव्या महराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या ते पाचव्या पलटणी झाल्या, आणि ११४ ही प्रशिक्षणाची दहावी पलटण झाली. जुन्या कागदांत '३/५' दिसलं तर ते तीन पंचमांश नाहीत, ती पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण आहे.

म्हणजे पणजोबांची पलटण १७९७ मध्ये उभी राहिली, १८२४ मध्ये १० झाली, १९०३ मध्ये ११० झाली आणि १९२२ मध्ये ३/५ झाली. दुसऱ्या महायुद्धात ती आधी एरिट्रियात केरेनला लढली, मग इटलीत. तिथे वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी याच पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे यांनी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. महायुद्धानंतर पलटण छत्रीधारी झाली, १९४८ च्या सुरुवातीला काश्मिरात नौशेरा-झांगड भागात लढली, आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट बांधली गेली तेव्हा तिची दुसरी पलटण, म्हणजे २ पॅरा, झाली. मराठा रेजिमेंटच्या यादीत तुम्हाला ती सापडली नाही, कारण ती त्या घरातून दत्तक गेलेली आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेश युद्धात, टांगाइलजवळ छत्रीने उतरलेली पलटण हीच. पुंगली पुलाजवळ उत्तरेकडून येऊन तिला जी पलटण मिळाली ती १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, म्हणजेच जुनी १०३. या दोन्ही पलटणी डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांनी घातलेल्या कूत अल अमाराच्या वेढ्यात एकत्र उपाशी होत्या. पुंगलीवर हात मिळवणाऱ्या जवानांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

शोधताना स्पेलिंगकडे लक्ष ठेवा. जुन्या इंग्रजी कागदांत 'मराठा' या शब्दात 'एच' आधी येतो आणि 'टी' दोनदा येतो. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर अर्धी कागदपत्रं तुमच्या डोळ्यांसमोरून निसटतात. अनेकजण इथेच हात टेकतात.

आता जरा अडचणीचा भाग. पलटणीची वंशावळ आणि माणसाची वंशावळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पणजोबा ११० मध्ये होते यावरून ते कूतला होते असं ठरत नाही. वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली तेव्हा त्यांचा मुख्य भाग कैदेत गेला. त्यानंतर या पलटणी मागे राहिलेली माणसं आणि नवे रंगरूट घेऊन पुन्हा उभ्या केल्या गेल्या. तेव्हा भरतीची तारीख हा इथला कळीचा कागद आहे. १९१५ च्या मध्याआधीची भरती असेल तर कूत आणि त्यापुढची कैद, बगदाद रेल्वेच्या कामावरचं रास अल ऐन, या दिशेने शोधा. १९१६ च्या उत्तरार्धातली असेल तर ती नवी ११०. 'बसऱ्याला होते' एवढ्यावर विसंबू नका. गावाकडे मेसोपोटेमियाची सगळी लढाई 'बसरा' या एका शब्दात बसते.

घराण्याचा अभिमान आणि पलटणीची वंशावळ यांची गाठ किती गुंत्याची असते याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण कोरेगावचं. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी लढली ती पहिल्या बॉम्बे रेजिमेंटची दुसरी पलटण, सोबत पूना इरेग्युलर हॉर्सचे स्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा. वरचा हिशेब लावा. ती पलटण १८२४ च्या क्रमाने २, १९०३ मध्ये १०२, आणि १९२२ नंतर ग्रेनेडियर्स. म्हणजे युनिटच्या नात्याने ती लढाई ग्रेनेडियर्स आणि पूना हॉर्स यांच्या खात्यात जमा आहे. स्तंभावर नावं मात्र महार शिपायांचीही मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्या वंशजांची आठवण महार रेजिमेंटकडे वळते. त्या रेजिमेंटची कागदोपत्री वाट वेगळीच आहे. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली होती. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली, १९२० मध्ये ती ७१ पंजाबीत मिसळली आणि १९२१ मध्ये मोडली. मग ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला नव्याने उभारणी झाली, त्यामागे डॉ. आंबेडकरांचा पाठपुरावा होता. युनिटचा इतिहास लिहिणारा १८१८ आणि १९४१ यांच्यामध्ये रेघ ओढतो. समाजाचा इतिहास लिहिणारा ती रेघ ओढत नाही. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत, फक्त एकाच्या पुराव्यावर दुसऱ्याचा दावा सिद्ध करायला जाऊ नये.

आता आजोबा.

लढाऊ पलटण म्हणजे एक घर असतं. माणूस तिथे भरती होतो, तिथेच म्हातारा होतो, मुलालाही तिथेच घालतो. टोपणनावं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. २ मराठाला आजही 'काली पाँचवीं' म्हणतात ते जुन्या पाचव्या बॉम्बे पलटणीच्या आकड्यावरून आणि तिच्या गणवेशाच्या काळ्या किनारीवरून. सप्लायची कंपनी असं घर नसते, ती धर्मशाळा असते. माणसं बदलतात, अधिकारी बदलतात, काम संपलं की कंपनी मोडते आणि तोच नंबर पुढे भलत्याच ठिकाणी भलत्याच कंपनीला लागतो. अशा कंपनीचा इतिहास लिहायला कोण बसणार? मोडल्यावर तिचं मेससुद्धा उरत नाही, मग इतिहासासाठी वर्गणी कोण काढणार?

दुसरं कारण सन्मानाच्या पद्धतीत आहे. लढाईचं नाव निशाणावर मिरवण्याचा मान, ज्याला बॅटल ऑनर म्हणतात, तो पायदळाला आणि घोडदळाला, म्हणजे आता रणगाड्यांना मिळतो. तोफखाना आणि इंजिनीअर यांची बोधवाक्यं पाहा. दोघांतही 'सर्वत्र' आहे. आम्ही सगळ्याच लढायांत होतो, तेव्हा वेगळं नाव कशाला, असा त्याचा अर्थ. ऐकायला भारदस्त आहे, पण इतिहास शोधणाऱ्याच्या दृष्टीने 'सर्वत्र' म्हणजे अनेकदा 'कुठेच नाही'. निशाणावरच्या प्रत्येक नावामागे कुणीतरी टिपण काढलेलं असतं. पिठाच्या पोत्यामागे फक्त पावती असते.

तरीही एखादी रेघ ठळक उमटते. डिसेंबर १९३९ मध्ये हिंदुस्तानातून खेचरांच्या चार कंपन्या फ्रान्सला गेल्या. क्रमांक २२, २५, २९ आणि ३२, त्या तुकडीला 'फोर्स के-६' म्हणत. ब्रिटिश सैन्याने मोटारींवर भर दिला होता आणि हिवाळ्यातल्या चिखलात मोटारी अडू लागल्यावर खेचरं आठवली. त्यांतल्या तीन कंपन्या डंकर्कहून खेचरं मागे टाकून इंग्लंडला पोहोचल्या. २२ नंबरची जून १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडली. या कंपन्यांत बहुतेक पंजाबी मुसलमान होते. इतकी वर्षं डंकर्कच्या गोष्टी सांगितल्या गेल्या, पण त्या किनाऱ्यावर हिंदी खेचरवाले होते हे अलीकडेपर्यंत फार थोड्यांना माहीत होतं.

इटलीत खेचरांची गरज आणखी वाढली. डोंगराची धार, खाली नदी, पूल उडवलेला आणि पाऊस. मोटार जिथे थांबते तिथून पुढे एका खेचरावर साधारण १६० पौंड, म्हणजे जवळपास ७३ किलो ओझं. तेही रात्रीचं, कारण दिवसा ती वाट तोफांच्या नजरेत असे. एका पायदळ कंपनीला एका रात्रीत गोळ्या, पाणी आणि शिधा पोहोचवायचा तर किती जनावरं लागतील, याचा हिशेब कुणीतरी कंदिलाच्या उजेडात रोज मांडत असे. बर्मात जपान्यांच्या पिछाडीला घुसणाऱ्या चिंडिट तुकड्यांसोबत गेलेल्या खेचरांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया करून आवाज बंद केला जाई, शत्रूला चाहूल लागू नये म्हणून. हे तपशील पलटणीच्या इतिहासात एका वाक्यात येतात: 'रात्री शिधा वर आला.' हे वाक्य दिसलं की थांबा, तुमच्या आजोबांसारखी माणसं त्या वाक्यात आहेत.

आणि तुमच्या बाबतीत एक शक्यता आहे, जिच्यासाठी मी स्वतः आठवडाभर कागद चाळले असते. जुलै १९४४ मध्ये पणजोबांची जुनी पलटण, ३/५, दहाव्या हिंदी डिव्हिजनमधून टायबरच्या खोऱ्यात चढत होती. आजोबांची खेचरं त्या काळात त्याच डिव्हिजनला जोडलेली असतील तर बापाच्या पलटणीला मुलाने शिधा पोहोचवला असेल. ही शक्यता आहे, पुरावा नाही. खेचर कंपन्या बहुधा वरच्या हुकमाने या डिव्हिजनकडून त्या डिव्हिजनकडे दिल्या जात. म्हणून कंपनीचा आकडा कळल्याशिवाय यावर एक पाऊलही टाकता येणार नाही. घरच्या समारंभात हे 'झालं होतं' म्हणून कुणी सांगू लागलं तर कृपया थांबवा. अशाच वाक्यांनी पुढच्या पिढीची दिशाभूल होते.

आता वाचायचं कसं. माझा नियम असा आहे की लढाऊ युनिटचा इतिहास उघडला की आधी पोट शोधायचं, मग हात. शिधा कुठून येत होता, रस्ता कोणी केला, जखमी कुठे नेले, निरोप कोणत्या तारेने जात होता. याची उत्तरं लागली की लढाईतले निम्मे निर्णय आपोआप कळतात.

कूतचंच बघा. बहुतेक पुस्तकांत ती हट्टी सेनापतीची आणि अपुऱ्या मदतीची गोष्ट आहे. सप्लायच्या बाजूने वाचा. वेढ्यात अडकलेल्या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड याने सुरुवातीला अन्नसाठा थोडाच दिवस पुरेल असं कळवलं. त्यामुळे बाहेरून मदतीला निघालेल्या जनरल एल्मरने पूर्ण फौज जमण्याआधीच जानेवारी १९१६ मध्ये शेख साद, वादी आणि हन्ना अशा तीन लढाया घाईघाईने दिल्या आणि माणसं गमावली. महिन्याच्या अखेरीस टाउनशेंडने कळवलं की गावातलं धान्य धरलं तर ८४ दिवसांचं अन्न आहे. म्हणजे त्या घाईमागे तुर्कांच्या तोफांपेक्षा कोठाराची वेळेवर न झालेली मोजणी अधिक होती. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत एकूण सुमारे २३,००० माणसं मारली गेली किंवा जखमी झाली, आणि आत शरण गेले ते सुमारे १३,०००. मला आमच्या उस्तादांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं की पोती मोजताना कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, हात लावून मोजायची. ते कूतबद्दल बोलत नव्हते, पण मला ते वाक्य कायम कूतलाच आठवतं.

त्याच वेढ्यात खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे सैन्यातल्या इंजिनीअरांच्या, १७ आणि २२ या दोन कंपन्या होत्या. धान्य होतं पण दळायची सोय अपुरी होती, म्हणून जात्याचे दगड विमानातून टाकावे लागले. एप्रिलमध्ये पिठाची पोतीही विमानातून टाकली. विमानातून रसद पुरवण्याचा इतिहास सुरू होतो तो इथून. पोती कधी नदीत पडत, कधी तुर्कांच्या खंदकात. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' ही बोट २७० टन शिधा घेऊन नदीतून घुसायचा प्रयत्न करते आणि अडकते. पाच दिवसांनी शरणागती. ११० च्या इतिहासात तुम्हाला शौर्याची पानं मिळतील आणि ती खरीच आहेत. पण पणजोबा त्या पाच महिन्यांत काय खात होते, हे कळायला तुम्हाला सप्लायचेच कागद उघडावे लागतील.

दुसरं उदाहरण सॅपर्सचं. एप्रिल १९४८ मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे रणगाडे निघाले. रस्त्यात सुरुंग, तोडून आडवे टाकलेले वृक्ष, उडवलेले कल्व्हर्ट. सोबत बॉम्बे सॅपर्सच्या ३७ असॉल्ट फील्ड कंपनीचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, मूळचे कारवारकडचे. ८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच तोफगोळे पडले. त्यांच्या तुकडीतले दोन ठार झाले, राणे धरून पाच जखमी झाले. तरी पुढचे दिवस ते सुरुंग काढत, अडथळे फोडत पुढे सरकत राहिले. सुरुंगांतून रणगाडा नेताना ते रणगाड्याखाली रांगत, दोरी ओढून चालकाला दिशा देत होते असं सांगतात. त्यांना परमवीर चक्र मिळालं. आता राजौरीची मोहीम तुम्ही पायदळाच्या बाजूने वाचा, रणगाड्यांच्या बाजूने वाचा आणि मग सॅपर्सच्या बाजूने वाचा. पहिल्या दोन ठिकाणी 'रस्ता मोकळा झाल्यावर' असा एक तुकडा येतो. तिसऱ्या ठिकाणी तोच तुकडा चार दिवसांचा होतो. नोव्हेंबर १९४८ च्या झोजी ला खिंडीचंही तसंच. रणगाडे चढले हे सगळ्यांना माहीत असतं, पण मद्रास सॅपर्सनी बालताल ते गुमरी वाट केली म्हणून ते चढले, हे थोड्यांना.

पलटणीचे इतिहास बहुतेकदा पलटणीच्याच माणसांनी, पलटणीच्या पैशाने, पलटणीच्या वर्धापनदिनासाठी लिहिलेले असतात. त्यात खोटं फार नसतं, पण गाळलेलं पुष्कळ असतं. मी आजवर जेवढे वाचले त्यात पलटण कधी पळत नाही, ती 'हुकमाप्रमाणे शिस्तीत मागे येते'. आणि मागे यावं लागतं ते नेहमी डावीकडची पलटण आधी मागे सरकली म्हणून. मग डावीकडच्या पलटणीचा इतिहास उघडावा तर तिथे उजवीकडची आधी सरकलेली असते! म्हणून एका लढाईसाठी किमान तीन कागद ठेवा: आपली पलटण, शेजारची पलटण आणि त्या दोघांना जोडलेली कुठलीही सहाय्यक तुकडी. तिसऱ्याला पहिल्या दोघांच्या भांडणात रस नसतो. सिग्नलच्या नोंदीत फक्त वेळ असते, आणि वेळ खोटं बोलत नाही. फील्ड अँब्युलन्सच्या नोंदीत जखमींची संख्या असते, आणि तीही सहसा इतिहासातल्या 'किरकोळ हानी'शी जुळत नाही.

महारांच्या मशीनगन पलटणींसाठी तर हीच पद्धत लागते. १९४६ पासून काही वर्षं ती मशीनगन रेजिमेंट होती आणि तिच्या तुकड्या प्लॅटून-प्लॅटूनने इतर पलटणींना वाटून दिल्या जात. त्यांची निम्मी गोष्ट दुसऱ्यांच्या इतिहासात विखुरलेली आहे, आणि तिथे बऱ्याचदा नाव न घेता 'आमच्या सोबतच्या मशीनगन' एवढंच लिहिलेलं असतं.

आता कागद मिळायचे कुठे. घरातूनच सुरू करा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलचा धातू बघा. शिपायाला ते चांदीचं मिळे, मजूर आणि हमाल तुकड्यांतल्या अनुयायांना काशाचं. हे व्हिक्टरी मेडलला लागू नाही, ते सगळ्यांना सारखंच पिवळं असतं. त्या दोघांत घोटाळा करून 'आमचे पणजोबा शिपाई नव्हते तर' असं म्हणून बसलेले लोक मी पाहिले आहेत. दुसऱ्या महायुद्धातली हिंदी सैनिकांची पदकंही बहुधा कडेवर नाव कोरून येत. आजोबांच्या पदकाची कड भिंगाखाली धरा. सोबत 'इटली स्टार' असेल तर रणभूमी पक्की झाली. मग डिस्चार्ज बुक. त्यात कंपनीचा आकडा, बदल्या आणि शेवटचा डेपो मिळतो. ते नसेल तर पेन्शनचा कागद, मनीऑर्डरची पावती, छावणीतून आलेलं पत्र, कशावरही युनिटचं नाव असू शकतं.

रेकॉर्ड ऑफिसला लिहिताना पत्ता बरोबर टाका. मराठा रेजिमेंटचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, वैद्यकीय कोअरचं लखनौला, ईएमईचं, म्हणजे यंत्रं आणि वाहनं दुरुस्त करणाऱ्या कोअरचं, सिकंदराबादला, आणि आमच्या सर्व्हिस कोअरचं बंगळूरला. वारस म्हणून लिहा, नातं लिहा, गाव आणि तालुका जुन्या नावाने लिहा. अपेक्षा मात्र माफक ठेवा. पेन्शन न घेता सुटलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे, आणि महायुद्धानंतर सुटलेले बहुतेक सप्लायवाले बिनपेन्शनचेच होते. मी स्वतः एका युनिटमध्ये, नाव घेत नाही, १९४० च्या दशकातली वार्षिक नोंदींची वही बोर्ड बसवून 'निरुपयोगी' ठरवून जाळलेली पाहिली. वाळवी लागली होती, हे कारण. वाळवी अर्ध्या वहीला लागली होती.

मृत्यू युद्धात झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या ऑनलाइन नोंदी बघा. दगडावर नाव नाही म्हणून खचू नका. बसरा स्मारकाच्या फळ्यांवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत आणि शिपायांच्या जागी फक्त 'आणि इतके इतर हिंदी सैनिक' असा आकडा आहे. नावं नोंदवहीत आहेत, आणि तीच आता ऑनलाइन शोधता येतात. युद्धाच्या रोजनिश्या लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पहिल्या महायुद्धाच्या 'डब्ल्यूओ ९५' या मालिकेत, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या बाजूच्या 'डब्ल्यूओ १७०' मध्ये, बर्माच्या 'डब्ल्यूओ १७२' मध्ये. खेचर कंपन्यांच्या रोजनिश्याही तिथे शोधता येतात, फक्त नाव 'आरआयएएससी'ने, म्हणजे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरने, सुरू होतं. १९३५ मध्ये कोअरला 'रॉयल' पदवी मिळाली, त्याआधी 'आर' नव्हता. मागवण्यापूर्वी सूचीत आकडा नीट जुळवा, कारण सारख्या आकड्याच्या मोटार कंपन्या आणि खेचर कंपन्या वेगळ्या असतात.

रोजनिशी हाती आली की पहिल्या दिवशी तुमची निराशा होईल. 'हवा खराब. तीन खेचरं जखमी. चारा उशिरा आला.' पानामागून पानं हेच. नकाशा शेजारी ठेवा, त्याच तारखांची ३/५ ची रोजनिशी दुसऱ्या बाजूला ठेवा, आणि दोन्ही एकत्र पुढे न्या. जुलै १९४४ च्या पहिल्या दहा दिवसांपासून सुरुवात करा. त्याआधी आजोबांच्या पदकाच्या कडेवर किंवा डिस्चार्ज बुकात कंपनीचा जो आकडा सापडेल तो मला कळवा. मोटार कंपनी की खेचर कंपनी एवढं तरी मी त्यावरून सांगू शकेन.